शहाण्या डोक्याने केलेला खून

आज 30 जानेवारी. सकाळी अकरा वाजता भोंगा वाजेल, दोन मिनिटे सारे उभे राहतील आणि मग आपापल्या कामाला लागतील. गांधीजींच्या आठवणीत आज पुष्कळ लिहिले-बोलले जाईल. आम्हांला आज त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या हातामागच्या डोक्याविषयी लिहायचे आहे. धर्माच्या नावाने कोणी कोणाचा जीव घेतला, की पहिला उद्गार आजही तोच निघतो, जो त्या संध्याकाळी निघाला होता. हे वेड्याचे काम!

त्या रात्री आकाशवाणीवरून बोलताना पंडित नेहरूंनी खुन्याला वेडा म्हटले. ज्याने हे केले त्याला दुसरे काय म्हणावे, असा त्यांचा भाव होता. पण त्यांनी तिथेच पूर्णविराम दिला नाही. गेल्या काही वर्षांत आणि महिन्यांत या देशात फार विष पेरले गेले आहे आणि त्याचा लोकांच्या मनावर परिणाम झाला आहे, असेही ते लगोलग बोलले. वेड्याचा उल्लेख शोकातून आला होता. विषाचा उल्लेख हे निदान होते. समाज म्हणून आपण शोकातला शब्द उचलला आणि निदानाचा कागद कुठेतरी ठेवून विसरून गेलो.

मुळात आरोपीनेच तो शब्द टिकू दिला नव्हता. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर खटला चालला, तेव्हा नथुराम गोडसेच्या वतीने वेडाचा बचाव घेतला गेला नाही. त्याने लांबलचक लेखी निवेदन वाचून दाखवले. त्यात तक्रारी होत्या, घटनाक्रम होता, कारणमीमांसा होती. 10 फेब्रुवारी 1949 रोजी फाशीची शिक्षा झाल्यावर त्याने अपील केले, पण खून केला नाही असे म्हणण्यासाठी नव्हे आणि फाशी टळावी म्हणूनही नव्हे. कट नव्हता, जे केले ते मी एकट्याने केले, एवढाच त्याचा मुद्दा होता. हा माणूस पुण्यात दैनिक चालवणारा संपादक होता. 20 जानेवारी 1948 ला गांधीजी राहत होते त्या बिर्ला भवनात स्फोट घडवूनही बेत फसला, तेव्हा तो पळाला, ग्वाल्हेरहून पिस्तूल मिळवले आणि दहा दिवसांच्या आत परत दिल्लीत आला. या सगळ्या पुराव्यात आम्हांला सर्वांत अस्वस्थ करते ती एक साधी कारकुनी गोष्ट. खुनाच्या पंधरवडाभर आधी, 13 आणि 14 जानेवारीला, त्याने आपल्या दोन विमा पॉलिसींवर वारस म्हणून नावे लावली. एकीवर कटातला साथीदार नारायण आपटे याच्या पत्नीचे, दुसरीवर धाकट्या भावाच्या पत्नीचे. आपण काय करणार आहोत, त्याचा शेवट काय होणार आहे आणि मागे राहणाऱ्यांची सोय काय, याचा हिशेब त्या डोक्यात चोख होता. विम्याच्या अर्जावर नीट सही करणाऱ्या माणसाला वेडा म्हणणे म्हणजे त्याच्या कृत्याची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेणे होय.

वेडाचा कायदा नेमके काय विचारतो, हे इथे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. त्याविषयी गैरसमज फार आहेत. 1843 च्या जानेवारीत, तारीख पुन्हा 20, लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या स्कॉटिश सुताराने एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. पाच दिवसांनी ते गेले. टोरी पक्षाचे लोक रात्रंदिवस आपला पाठलाग करतात, आपल्याला जगू देत नाहीत, या भ्रमाने मॅकनॉटनला वर्षानुवर्षे पछाडले होते. ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवले आणि देशभर संताप उसळला. राणी व्हिक्टोरिया तर फारच रागावल्या. त्यांच्यावर स्वतःवर 1840 मध्ये झालेल्या हल्ल्यातला आरोपीही असाच सुटला होता. लॉर्ड्स सभागृहाने न्यायाधीशांना बोलावून प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून जे नियम तयार झाले, त्यांचा ठसा 1860 च्या आपल्या दंड संहितेतील कलम 84 वर उमटला. आज भारतीय न्याय संहितेत तेच कलम 22 आहे. त्याचा आशय इतकाच : कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे जो माणूस आपण काय करत आहोत, किंवा जे करत आहोत ते गैर अथवा बेकायदा आहे, हे जाणण्यास असमर्थ असेल, त्याचे कृत्य हा गुन्हा ठरत नाही.

यातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे. मनोविकार असणे पुरेसे नाही. आधी होता, नंतर आढळला, हेही पुरेसे नाही. त्या क्षणी जाणण्याची ताकदच उरली नव्हती, हे दिसले पाहिजे. ते दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, पण सरकार पक्षाइतका जड नाही. दिवाणी दाव्यात जेवढे पटवावे लागते तेवढे पुरते, आणि त्या पुराव्याने न्यायाधीशाच्या मनात आरोपीच्या हेतूविषयीच वाजवी शंका निर्माण झाली, तरी तिचा फायदा त्याला मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात स्पष्ट केले. आणि असा आरोपी सुटला म्हणजे सरळ घरी गेला, असे होत नाही. कृत्य त्याने केले की नाही, हे न्यायालयाला निकालात नोंदवावे लागते आणि त्याला सुरक्षित ठिकाणी, बहुधा मनोरुग्णालयात, ठेवण्याचा किंवा हमीवर नातेवाइकांच्या ताब्यात देण्याचा आदेश द्यावा लागतो. कित्येकांची मनोरुग्णालयात वर्षेच्या वर्षे जातात.

आता यात देव आला की काय होते? कलकत्ता उच्च न्यायालयापुढे 1949 मध्ये आलेले एक प्रकरण वाचताना काळीज हलते. एका माणसाला स्वप्न पडले. स्वर्गातून कोणीतरी आज्ञा करत होते की, पाच वर्षांच्या मुलाची कुर्बानी दे. सकाळी उठून तो मुलाला मशिदीत घेऊन गेला आणि त्याच्या गळ्यात सुरी खुपसली. मग तो सरळ चुलत्याकडे गेला. तिथे चौकीदार दिसला, म्हणून त्याने चुलत्याला जरा दूर तळ्याकाठी नेले आणि घडलेले सारे सांगितले. चौकीदाराला पाहून बाजूला जाणारा माणूस हे कायद्याविरुद्ध आहे, एवढे तरी जाणत होता. न्यायालयानेही ते मान्य केले. तरीही स्वप्न त्याला खरे वाटत होते आणि म्हणून आपण काही वाईट केले असे त्याला वाटणे शक्यच नव्हते, असे म्हणून न्यायालयाने त्याला कलम 84 चे संरक्षण दिले.

दहा वर्षांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बेग यांनी या निकालावर बोट ठेवले. कायदा विचारतो तो जाणण्याच्या क्षमतेचा प्रश्न, प्रत्यक्ष काय जाणले त्याचा नव्हे. क्षमता शाबूत असेल, तर माणसाची समजूत त्याला वाचवू शकत नाही. तीच क्षमता वापरून तो चुकीच्या निष्कर्षाला पोचला, तर त्याचा धोका त्याने स्वतः पत्करलेला असतो. आम्हांला हे म्हणणे निर्विवाद बरोबर वाटते आणि धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेच्या बाबतीत तर याच्याइतके उपयोगी दुसरे काही सापडत नाही. श्रद्धा कितीही प्रामाणिक असो, ती खुनाला सबब नाही. मारणाऱ्याचा विश्वास किती खरा होता, या चर्चेत न्यायालय शिरले, तर जो जितका कट्टर तितका तो निर्दोष, असे उफराटे माप तयार होईल. आणि तरीही त्या कलकत्त्याच्या बापाला शिक्षा व्हायला हवी होती, असे म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या बाबतीत समजूत चुकली होती की समजण्याचे यंत्रच बिघडले होते, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नव्हते. ते वैद्यकीय तपासणीतून मिळायला हवे होते. नुसते स्वप्न पडणे हा आजार नव्हे.

अमेरिकेत हाच प्रश्न एका पाद्र्याच्या निमित्ताने आला. न्यूयॉर्कच्या हॅन्स श्मिटने 1913 मध्ये एका तरुणीचा खून करून प्रेताचे तुकडे हडसन नदीत टाकले. देवाने बळी मागितला, असे त्याने सांगितले. ज्यूरीने विश्वास ठेवला नाही. मृत्युदंड समोर दिसताच त्याने कबुली फिरवली. वेडाचे सोंग होते, ती बाई गर्भपातात मेली, असा नवा पवित्रा त्याने घेतला. 1915 मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्याला फेरसुनावणी नाकारली. पण त्याच निकालात त्यांनी एक तत्त्व मांडून ठेवले. देवाने प्रत्यक्ष प्रकट होऊन आज्ञा केली, अशा वेडाच्या भ्रमात एखादी आई आपले लेकरू मारते, तेव्हा तिला आपण गैर करतो हे कळत होते, असे म्हणणे ही विटंबना ठरेल. श्मिटला 1916 मध्ये देहान्त शासन झाले. त्याच्या ढोंगावर लिहिलेला निकाल पुढे खरोखरच आजारी असलेल्यांच्या उपयोगी पडला.

मग भ्रम आणि श्रद्धा यांत फरक करायचा तो कसा? मानसोपचारतज्ज्ञ एक कसोटी वापरतात. माणसाची समजूत त्याच्या समाजात, त्याच्या पंथात सर्वसाधारणपणे मान्य असेल, तर केवळ तेवढ्यावरून तिला भ्रम म्हणत नाहीत. अमावास्येला गुप्तधनासाठी बळी द्यावा लागतो, असे मानणारी टोळी भ्रमिष्ट नसते. ती लोभी आणि क्रूर असते. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये लहान मुली आणि बायका एकामागून एक मारल्या गेल्या आणि तपासातून गुप्तधनाचाच धागा पुढे आला. तो आठवला की आजही अंगावर काटा येतो. त्याच्या उलट, 2021 च्या जानेवारीत आंध्रातल्या मदनपल्लीत उच्चशिक्षित आईबापांनी आपल्या दोन तरुण मुली मारल्याचे समोर आले. कलियुग संपते आहे आणि मुली पुन्हा जिवंत होतील, असे ते पोलिसांना सांगत होते. मारलेल्या मुली पुन्हा जिवंत होतील, ही समजूत त्या घरापुरतीच दिसते. त्यांना मनोरुग्णालयात पाठवावे लागले.

कसोटी उपयोगी आहे, पण तिच्यातली एक पळवाट आम्हांला सतावते. समूहाने मिळून बाळगलेला द्वेष तिच्यानुसार कधीच आजार ठरत नाही. आणि तो ठरूही नये. नॉर्वेत 22 जुलै 2011 रोजी अँडर्स ब्रेव्हिकने ओस्लोत बॉम्बने 8 आणि उटोया बेटावर गोळीबार करून 69 जणांना मारले. त्यातली बहुतेक कोवळी मुले. युरोपला मुस्लिमांपासून वाचवणारा योद्धा असे तो स्वतःला समजे. पहिल्या दोन तज्ज्ञांनी त्याला स्किझोफ्रेनियाचे निदान केले. दुसऱ्या दोघांनी तो भानावर होता, असा अहवाल दिला. सरकारी वकीलच त्याला रुग्णालयात पाठवा म्हणत होते आणि तो स्वतः मात्र, मला वेडा ठरवू नका, म्हणून हट्ट धरून बसला होता. 24 ऑगस्ट 2012 ला न्यायालयाने एकमताने तो शहाणा असल्याचे ठरवले आणि तिथली सर्वांत कडक शिक्षा दिली. पहिल्या तज्ज्ञांना जे विचित्र भ्रम वाटले, ते त्याच्यासारखी मते असणाऱ्या वर्तुळात रोज बोलले जाते, हे साक्षींतून दिसून आले. ज्यांची मुले गेली त्यांतल्या अनेकांनाही हाच निकाल हवा होता. तो वेडा ठरला असता, तर त्याला घडवणाऱ्या भाषेला कोणी जाब विचारला नसता.

महाराष्ट्राने याची दुसरी बाजूही भोगली आहे. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळली गेली. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या ज्या कुटुंबांचा त्या कटाशी सुतराम संबंध नव्हता, ती एका रात्रीत रस्त्यावर आली. अनेक घराण्यांत ती आठवण आजही हलक्या आवाजात सांगितली जाते. खुनी वेडा होता म्हटले, की त्याच्या मनात विष घालणारे मोकळे राहतात. त्याची सारी जातच तशी म्हटले, की काडी लावणारे मोकळे राहतात. दोन्हीकडे एक गोष्ट टळते : नाव, गाव, कृत्य आणि हेतू समोर ठेवून एकेका माणसाची जबाबदारी ठरवणे. ते किचकट काम न्यायालय करते आणि म्हणून ते काम न्यायालयावरच सोपवावे लागते.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर झाला. 10 मे 2024 ला विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची मुक्तता केली. त्यांच्यापैकी कोणीही आपले डोके ठिकाणावर नव्हते, असा बचाव घेतला नाही. पाळत होती, दुचाकी होती, पिस्तूल होते. सूत्रधार कोण, हे मात्र जवळपास अकरा वर्षांनंतरही न्यायालयात सिद्ध झाले नाही. माथेफिरूला सूत्रधार लागत नाही. इथे तो होता, असे म्हणायला भरपूर जागा आहे.

आणि खऱ्या मनोरुग्णांचे काय? त्यांची बदनामी या सगळ्यात फुकटची होते. बातमीत प्रत्येक खुन्याला माथेफिरू म्हणण्याची सवय आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी लावली. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाने इतरांना मारण्यापेक्षा इतरांकडून मार खाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे झोपडीला आग लागली, तेव्हा 28 रुग्ण जळून मेले. पळता येत नव्हते, कारण पायांत साखळ्या होत्या. आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचली, तर महाराष्ट्रात काय चालत आले आहे ते कळते. भूत उतरवण्यासाठी दोराने वा साखळीने बांधून ठेवणे, चाबकाने मारणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे. कोणी कल्पनेने ही यादी केलेली नाही. हे सारे कोणाच्या तरी मुलाला, कोणाच्या तरी सुनेला सोसावे लागले, म्हणून ते कायद्यात लिहावे लागले. बंगळूरच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत उपचारच न मिळणाऱ्यांचे प्रमाण आजारागणिक 70 ते 92 टक्के आढळले.

याचा कोर्टातल्या बचावाशी थेट संबंध आहे आणि तो कोणी बोलत नाही. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला कलम 84 खाली मुक्त केले. 1994 मध्ये त्याने दिवसाढवळ्या बायकोच्या डोक्यात दगड घालून तिचा खून केला होता. पळाला नाही, लपला नाही. वडिलांनाही मनोविकार होता, त्याला स्वतःला पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते, आणि खुनानंतरच्या काही महिन्यांत त्याला 25 वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दिलेली जन्मठेप या नोंदींमुळे टिकली नाही. सरकारी नोकर असल्याने त्याच्याकडे कागद होते. ज्या घरातला मुलगा वर्षभर भगताकडे, मग दुसऱ्या भगताकडे, मग एखाद्या देवस्थानी नेला जातो, त्या घराकडे काय असते? अंगाऱ्याची पावती नसते. ‘बाहेरचे आहे’ असे सांगणारा मांत्रिक साक्षीला येत नाही. भूत उतरवताना आजार वाढतो आणि पुढे काही आक्रीत घडले, तर तो आजार होता हे सिद्धही करता येत नाही. असा मुलगा मग जन्मठेपेला जातो आणि तुरुंगातले शेजारीपाजारी त्यालाही वेडा म्हणून हिणवतात.

2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, तपासात आरोपीच्या मनोविकाराचा इतिहास समोर आला, तर त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते केले नाही तर सरकार पक्षाची बाजूच लंगडी पडते. प्रत्यक्षात आरोपी मानसोपचारतज्ज्ञापुढे उभा राहतो तो कित्येकदा काही महिन्यांनी, वकिलाने अर्ज केल्यावर. तोवर कृत्याच्या वेळी त्याची मनःस्थिती काय होती, हे सांगणारी सगळी चिन्हे पुसली गेलेली असतात. ढोंगी असेल तर त्याला सोंग पाठ करायला वेळ मिळालेला असतो आणि आजारी असेल तर औषधाने किंवा कोठडीने त्याचे रूप पालटलेले असते.

अटक केलेल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी कायद्याने आजही बंधनकारक आहे. तिच्यात जखमा पाहतात आणि एका छापील नमुन्यावर डॉक्टर सही करतात. खुनाच्या गुन्ह्यात त्याच तपासणीला मानसिक स्थितीची जोड द्यावी आणि चोवीस तासांच्या आत जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून ती करून घ्यावी. आरोपी काय बोलतो, कसा बोलतो, झोपला का, जेवला का, कोणाचा आवाज ऐकू येतो का, हे त्याच्याच शब्दांत टिपावे. शक्य तिथे त्याचे चित्रीकरण व्हावे. घरच्यांना त्याच दिवशी विचारावे, की याआधी याला कोणाकोणाकडे नेले होते, आणि भगताचे नाव सांगितले तर तेही लिहून घ्यावे. गृह आणि आरोग्य या दोन खात्यांनी एकत्र बसून एक परिपत्रक काढले, तर याची सुरुवात राज्यात पुढच्या महिन्यापासून होऊ शकते.